चाळीसवरचा काटा

—हात मागे घ्या आधी. घ्या म्हटलं ना! तुम्हाला काय वाटलं, टेबलावरचं घड्याळ आहे, उचललं आणि फिरवून पाहिलं? मोटरसायकलचा स्पीडोमीटर आहे तो, आणि काटा अजून पक्का बसवलेला नाही, नुसता टेकवलाय. तुमच्या श्वासानं हलेल. बसा तिकडे. नाही, त्या खुर्चीवर नाही, तिच्यावर काच वाळतेय — त्या दुसऱ्या. आणि ही फळं कशाला आणलीत, भाऊजी? मी आजारी आहे का? की दवाखान्यात आलायत कुणाला बघायला? तीन वर्षांनी भावजयीच्या घरी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, असं जाऊबाईंनी शिकवून पाठवलं असणार. ठेवा तिकडे फ्रीजवर. इथे नको. इथे बोटभर जागा नाही, दिसत नाही का?

हो, मीच केला फोन. मीच म्हटलं, या. म्हणून हुरळून जायचं कारण नाही. गाडी द्यायला बोलावलेलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे मग चेहरा पाडून बसायला नको. सासऱ्यांची होती, मग यांची झाली, आता माझी आहे. खाली शेडमध्ये पाहिलीत ना येताना? — नाही पाहिली. वाटलंच मला. तोंड फिरवून जिना चढला असणार. इंजिन गॅरेजवाल्यानं केलं, टाकी त्यानंच ठोकून सरळ केली, चाकांच्या तारा नव्या भरल्या. पण ही दोन मीटरं घ्यायला कुणी तयार होईना. तो म्हणतो कसा — बाई, हे काम करणारे म्हातारे होते ते गेले, आता कुणी करत नाही, त्यापेक्षा नवीन बसवू या, त्यात आकडेच येतात, काटाच नाही, कटकट नाही. म्हटलं, तुझे आकडे घाल चुलीत. मीटर काढ आणि दे माझ्या हातात. तो हसला. म्हणाला, बाई, हे घरी करायचं काम नाही. — तुम्हालाही हसू येतंय का? नाही ना? मग ठीक आहे.

तीस वर्षं कवळ्या बनवल्या मी. डॉक्टरांचं नाव बाहेर पाटीवर, आणि आत मागच्या खोलीत मी. प्लास्टर ओतायचं, मेणाची हिरडी करायची, एकेक दात चिमट्यानं बसवायचा, आणि केसाएवढा जरी उंच राहिला ना, तर माणूस दुसऱ्या दिवशी तोंड धरून परत यायचा. हे म्हणायचे, आमची ही अख्ख्या गावाच्या तोंडाला लागते. त्यांना कौतुक होतं त्याचं. तर ज्या हातांनी लोकांची तोंडं भरली त्यांना एक मीटर काय जड? हा मेणाचा चाकू, हा चिमटा, हे ब्रश, ही भिंगाची पट्टी डोक्याला बांधायची — सगळं लॅबमधलंच. निवृत्त होताना उचलून आणलं. डॉक्टर बघतच राहिले. बोलून तर बघायचं होतं.

ते छोटं मीटर बघा, बॅटरीचं. बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय तेवढं दाखवतं, डावीकडे वजा, उजवीकडे अधिक. त्याचा पहिला घात मीच केला. काचेखाली धूळ होती, बुरशीसारखं काहीतरी होतं, म्हटलं पुसू या. घेतला कापूस, घेतलं स्पिरिट — लॅबमध्ये सगळं स्पिरिटनंच पुसायची सवय — आणि एकदा फिरवला. भाऊजी, धूळ गेली आणि धुळीबरोबर आकडे गेले. पांढरी रंगवलेली चकती, त्यावर नुसता राखाडी डाग. छापील आकडे पन्नास वर्षं उन्हापावसात टिकले, आणि माझ्या एका हातानं गेले. अर्धा दिवस इथे बसून राहिले. मग काळा रंग आणला, सगळ्यात बारीक ब्रशचे केस कापून तीनच ठेवले, आणि हातानं काढले आकडे. सात वेळा काढले, सहा वेळा पुसले. — वाकडं आहे. ते अधिकचं चिन्ह वाकडं आहे, मला माहीत आहे, बोट दाखवायची गरज नाही. दुसऱ्याच्या कामात खोट काढायला काही लागत नाही.

म्हणून मोठ्याला हात लावायच्या आधी मी पंधरा दिवस नुसती वाचत होते. वाचायचं, बघायचं, लिहून काढायचं. ही वही बघा. ही बाहेरची कडी दिसतेय ना, चकचकीत? ती स्क्रूची नसते, तिची कड आतल्या बाजूला मुडपलेली असते, डब्याच्या झाकणासारखी. ती एकदम उचकटायची नाही. बोथट पात्यानं इथे थोडी, मग समोर थोडी, मग इकडे थोडी, अशी फिरत फिरत उघडायची. मला दोन दिवस लागले. — काय? स्क्रू-ड्रायव्हर? वा! स्क्रू-ड्रायव्हर घातला असतात तर दोन मिनिटांत झालं असतं, खरंय, आणि कडी गेली असती भंगारात. उंटावरून शेळ्या हाकू नका. आणि काटा काढायचा तो बोटांनी ओढून नाही. त्याच्या खाली एक बारीक दांडी असते, दांडीला केसासारखी स्प्रिंग. ओढताना जरा पिळलात की संपलं. आधी काटा शून्यापाशी त्याला अडवणाऱ्या छोट्या खिळ्यावरून अलगद उचलून पलीकडे सोडायचा, तो मागे जिथे जाऊन थांबेल तिथे पेन्सिलीची खूण करायची, आणि मग दोन चहाचे चमचे दोन्ही बाजूंनी घालून एकाच वेळी दाबायचं. खाली पुठ्ठा ठेवून. टक्‌ करून वर येतो. परत बसवताना त्या खुणेवर बसवायचा, नाहीतर मीटर जन्मभर खोटं बोलत राहतं.

धरा. ही कडी धरा जरा इथे, मी खालून मीटर बसवते. अंगठा बाहेर. काचेला बोट नको. — नीट धरा, निसटतेय. … धरवत नाहीये ना? सोडा. सोडा, राहू दे, मी करेन माझं मी. गाडीचं नाव काढलं तरी घाबरता, जाऊबाई म्हणत होत्या तेच खरं. दोन बस बदलून कामावर जाता म्हणे. घरी उभी असलेली स्कूटरसुद्धा विकली म्हणे. रस्त्यात कुणी लिफ्ट दिली तरी नको म्हणता. हो, बोलतात त्या माझ्याशी. तुम्हाला माहीत नाही, पण बोलतात. माझ्यावर राग आहे त्यांचा आणि तरी बोलतात. तुमच्यापेक्षा बऱ्या.

बसा. मी आत्ता बोलावलंय ते उगाच नाही. मला सांगायचंय, आणि कडी बंद करायच्या आधी सांगायचंय, म्हणून नीट ऐका, मध्ये बोलू नका. तुम्ही तसेही बोलत नाहीच. त्या दिवशी बोललात तेवढंच. तुम्हाला आठवतंय तुम्ही काय म्हणाला होतात? ह्या समोरच्या खोलीत, तो पडदा आहे ना तिथे उभे होतात, हाताला प्लास्टर, शर्टाची एक बाही कापलेली. सासूबाई कॉटवर. निम्मं गणगोत खोलीत आणि निम्मं जिन्यात. इन्स्पेक्टरनं सांगितलं होतं, पाण्याच्या टाकीच्या वळणावर खडी सांडली होती हे बरोबर, पण घसरल्याची खूण एवढी लांब आहे की सत्तरच्या खाली वेग असणंच शक्य नाही. वयस्क माणूस मागे बसलेला, खांदा दुखतो म्हणून यांनी गाडी दुसऱ्याच्या हातात दिलेली, आणि सत्तर! आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, वहिनी, काटा चाळीसवर होता. मी बघितला होता. चाळीसच्या वर गेलाच नाही.

आणि मी काय म्हणाले? सांगा ना. मी काय म्हणाले ते सांगा. — मग मी सांगते. मी म्हणाले, खोटारडा. माझा माणूस मारलास आणि माझ्याच दारात उभा राहून खोटं बोलतोस. सगळ्यांच्या देखत. आणि सासूबाईंनी ऐकलं, आणि मान भिंतीकडे केली. त्या गेल्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत तुमच्याशी धड बोलल्या नाहीत. मी बोलू दिलं नाही. त्या विचारायच्या, धाकटा आला का, आणि मी म्हणायचे, कसला येतोय तो, कुठल्या तोंडानं येणार. … तुम्ही खाली येऊन उभे राहायचात ते मला खिडकीतून दिसायचं. नाही, मला दिसायचं. पडदा लावून घ्यायचे मी.

थांबा, घोटभर पाणी पिते. तुम्हाला चहा विचारला नाही हे लक्षात आहे माझ्या, तेही नंतर बघू.

तर वहीत पहिल्या पानावर काय लिहिलंय बघा. मीटर उघडण्यापूर्वी फिरवून बघा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. आपण शहाणे लोक, सांगितलं तसं करणारे. गॅरेजवाल्याकडून एक चौकोनी टोकाची सळई करून आणली, ती ड्रिलला लावली, दुसरं टोक मीटरच्या मागे. गाडीला चाकाकडून तार फिरते तसं इथे ड्रिल फिरवतं. त्या ड्रिलला वेग एकच, कमी नाही जास्त नाही, आणि गॅरेजवाल्यानं हिशेब करून दिला होता की बाई, एवढ्या फेऱ्यांना तुमचा काटा सत्तरच्या जवळपास यायला हवा. बटण दाबलं. काटा निघाला — दहा, वीस, तीस — सुरेख निघाला, आणि चाळीसला येऊन बसला. बसला तो बसला. ड्रिल घरघरतंय, काटा हलत नाही. मला वाटलं, आपटल्यामुळे बिघडला असेल. काच तडकलेली, मागे पोचा आलेला, बिघडणारच. मग सहज, काहीही मनात नसताना, काचेवर टिचकी मारली. आणि काटा उडाला आणि सत्तरवर गेला.

बंद केलं. परत चालू केलं. चाळीस. टिचकी — सत्तर. परत. चाळीस. अकरा वेळा केलं मी. अकराही वेळा लिहिलंय, बघा, एकाखाली एक. अक्षर बघा कसं होत गेलंय.

मान खाली घालू नका, अजून संपलेलं नाही! तुम्हाला काय वाटतंय, आता वहिनी रडणार, माफी मागणार, आणि तुम्ही म्हणणार जाऊ द्या? इतकं सोपं आहे का? मी आठ दिवस स्वतःला काय विचारत होते माहीत आहे? की काटा अडकला हे एक वेळ मान्य, पण माणसाला कळत नाही का? चाळीसचा वारा आणि सत्तरचा वारा, फरक नाही का? आंधळ्याला कळेल. आणि मग आठवलं, ज्याची रोजची गाडी आहे त्याला कळतं. तुमची नव्हती. तुम्ही वर्षातून दोनदा बसायचात तिच्यावर, ते पण दादा मागे, आणि दादांचा मंत्र ठरलेला — नजर काट्यावर ठेव, पन्नासपर्यंत जा, पन्नासच्या वर जाऊ नकोस. एखाद्या पोराला सांगावं तसं चाळिशी उलटलेल्या भावाला सांगायचे. आणि तुम्ही ऐकणारे. तुम्ही कधी त्यांचं ऐकलं नाहीत असं झालंय का? काट्याकडे बघत होतात. काटा पन्नासला जात नाही म्हणून मुठीला आणखी पीळ दिलात. आज्ञाधारक! एखादा बेफिकीर असता, काट्याकडे न बघणारा, तर वाचले असते. दोघंही.

मला राग कशाचा येतो सांगू? तुम्ही भांडला नाहीत. एकदा म्हणालात चाळीस, आणि मी खोटारडा म्हटल्यावर तोंडाला कुलूप. का? खरं होतं ना तुमचं? मग टेबलावर हात आपटायचा, ओरडायचं, म्हणायचं मीटर उघडून बघा, मी सांगतोय ते खरं आहे की नाही! त्याच आठवड्यात उघडलं असतं कुणीतरी. तीन वर्षं! तीन वर्षं माणूस स्वतःला खुनी म्हणून घेतो, बसनं फिरतो, आईच्या खिडकीखाली उभा राहतो आणि निघून जातो — याला चांगुलपणा म्हणत नाहीत, याला मूर्खपणा म्हणतात. तुमच्या त्या गप्प बसण्यानं मला काय करून ठेवलं, कल्पना आहे? मी ज्याच्या त्याच्याजवळ सांगत फिरले. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत. आता कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू की ते परत द्या?

काय? … कशानं अडकला? हेच विचारायचं होतं का तुम्हाला? इतकं सगळं सांगितलं आणि विचारता काय, तर कशानं अडकला. जुना होता. गंज. धूळ. काहीही असेल. … असं काय बघताय? धूळ म्हटलं ना.

बरं. ती वाटी घ्या इकडे. ती नाही, ती रबराची, प्लास्टर कालवायची. त्यात कागद आहे, उघडा. उघडा, चावत नाही. काय दिसतंय? पांढरट काहीतरी, वाळलेल्या खळीसारखं. हे त्या काट्याच्या दांडीभोवती होतं, जिथे ती भोकातून वर येते तिथे, गच्च. चिमट्यानं काढलंय. आता भिंग लावा आणि बघा. गुलाबी कण दिसतायत? दिसतात ना? ते काय आहे माहीत आहे? हिरडीची पावडर. कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात ती. ही पावडर रस्त्यावर पडलेली नसते, भाऊजी. गंजातून येत नाही. ती ह्या घरात एकाच डब्यात होती.

काटा नाचायचा त्यांचा. गाडी चालली की तीस-पन्नास, तीस-पन्नास. म्हणाले, मीटरची तार कोरडी झालीय, तुझा हात बारीक आहे, खालच्या टोकाला मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोड. फक्त दोन, आणि फक्त खाली, वर नको — बजावून सांगितलं होतं. मला हे बजावणं आवडायचं नाही. तेलाची बाटली रिकामी होती. म्हटलं, त्यात काय एवढं, आपल्याकडे व्हॅसलिनचा डबा आहे, लॅबचा, साचा चिकटू नये म्हणून लावतो तो. वर्षानुवर्षं उघडा, त्यात प्लास्टर उडालेलं, पावडर उडालेली, कोण बघतंय. पळीत गरम केलं, पातळ केलं, आणि दोन थेंब नाही, तारेची अख्खी नळी भरली. वरच्या टोकानं. मीटरच्या बाजूनं. उरलं ते बोटानं दाबून भरलं. कामात कुचराई मला जमत नाही ना! तार फिरेल तसं ते वर चढतं, हे मला कुठे ठाऊक. आता ठाऊक आहे. वहीत दुसऱ्याच पानावर लिहिलंय, लाल शाईनं — वंगण कधीही वरून भरू नये, सगळे नवशिके हीच चूक करतात. लिहून मी पान उलटलं होतं. म्हटलं, आपल्याला लागू नाही.

आणि काटा शांत झाला, बरं का. नाचायचा थांबला. हे इतके खूश झाले! आल्यागेल्याला सांगायचे, हिनं दुरुस्त केला. दोन महिने सांगत होते. मग खांदा दुखायला लागला, आणि मग तुम्ही पुढे बसलात.

हे सांगायचं ठरवलं नव्हतं मी. मीटर बिघडलं होतं, तुमचं खरं होतं, एवढं सांगून तुम्हाला वाटेला लावणार होते. व्यवस्थित ठरवलं होतं, काल दिवसभर मनात घोकत होते. कशाला विचारलंत कशानं म्हणून? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी तीन वर्षं साऱ्या जगाला दाखवलं, आणि मुसळ माझ्याच डब्यात. बघा मजा. आणि ते शोधायला सांगितलं होतं का कुणी मला? गॅरेजवाला नवीन मीटर देत होता. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आता ऐका, पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावतेय. त्या दिवशी जे जे ह्या खोलीत होते ते सगळे. जाऊबाईंना आणा. ही वाटी मध्ये ठेवणार, ड्रिल लावून दाखवणार, आणि — दाखवता नाही येणार, साफ केलंय मी ते, आता काटा नीट चालतो. तोंडानं सांगेन. सांगेन की हे माझं. — नको काय? का नको? तुम्ही कोण नको म्हणणारे? त्यांच्या देखत बोलले, त्यांच्या देखतच परत घेणार. जमलं तर तिथून उठून सासूबाईंच्या फोटोसमोर पण सांगेन, त्यांनी ऐकलं तर ऐकलं. तुमच्यासाठी करत नाहीये, गैरसमज नको. मला झोप लागत नाही म्हणून करतेय.

काय म्हणालात? … मोठ्यानं बोला, पुटपुटू नका. — बघितलाच नव्हता? काट्याकडे बघितलंच नव्हतं? … मग चाळीस कुठून आणलंत? घाबरून तोंडाला आलं ते सांगितलं? म्हणजे वारं अंगात शिरलं, गाडी पळवलीत, आणि व्हॅसलिनचा काही संबंध नाही. मी म्हटलं होतं तेच बरोबर. असं म्हणायचंय तुम्हाला? आणि हे आज आठवलं, तीन वर्षांनी, ह्या टेबलापाशी बसून, वाटी हातात घेतल्यावर? … मान काय हलवताय. इकडे बघा. माझ्याकडे बघून बोला.

खोटं. खोटं बोलताय. त्या दिवशी खरं बोललात आणि आत्ता खोटं बोलताय. मला कळत नाही असं वाटतं? बारा वर्षांचा होतास तू, मी या घरात आले तेव्हा. शाळेत काच फुटली, तू फोडलीस. दादानं बाबांचं पेन हरवलं, तू हरवलंस. सगळ्यांचं अंगावर घेणारा, आणि घेताना आवाज हा असाच, मऊ, जसं काही विशेष नाही. मी मागितलं का? माझं तू घ्यावंस म्हणून बोलावलं का मी तुला? माझी चूक आहे ती, माझ्या हातची आहे, एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ खरी उरलीय, आणि तीसुद्धा तू उचलून घेऊन जाणार? दया येतेय माझी? मी तुला खोटारडा म्हटलं तेव्हा तू नव्हतास, आणि आता होऊन दाखवतोयस, माझ्यासाठी?

म्हण. काटा चाळीसवर होता, मी बघितला होता, असं म्हण. तेव्हा म्हणालास तसं. एकदाच. पूर्ण वाक्य नको, नुसतं चाळीस म्हण. … म्हण ना रे. … 

नाही म्हणणार.

बरं. उठा. नाही, काही बोलू नका आता, उठा. जिन्यात सांभाळून, तिसरी पायरी हलते. जा, भाऊजी. आणि दार ओढून घ्या जाताना, मीटर उघडं आहे, धूळ जाते आत.